पुढे वाचा, तात्या

एस्तेरबाई साळवे रागावल्या की मुलांना अहो-जाहो करत. एरवी त्यांच्या तोंडी "अरे बैला" आणि "काय गं भवाने" असायचं आणि मुलं ते लाडानं ऐकून घ्यायची. पण बाई वर्गात शिरल्या, छत्री टेबलाला टेकवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आपण जरा उभे राहता का?" की आख्ख्या नववीची पाचावर धारण बसायची. पुढे पुढे त्या गावातल्या मोठ्या माणसांशीही फार अदबीनं बोलू लागल्या. गावाला वाटलं, बाई नरमल्या. मी त्यांच्या शेजारच्या वर्गावर होतो, मला कळत होतं काय चाललंय ते.

गावाचं नाव मी लिहीत नाही. मिरजगावहून आत फुटणाऱ्या कच्च्या रस्त्यावर आहे, एवढं पुरे. तिथले माझे विद्यार्थी आता कर्तेसवरते आहेत, काही नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यांतून निवृत्तसुद्धा झालेत. त्यांच्याशी ह्या वयात भांडण काढायची मला इच्छा नाही. गावावरचा राग मात्र अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मी तिथल्या हायस्कुलात एकाहत्तर साली गणित शिकवायला लागलो. बाई माझ्या आधीपासून होत्या. उंच, हडकुळ्या, मनगटावर वडिलांचं मोठं पुरुषी घड्याळ, काखेत बारा महिने छत्री आणि हातात फिरकीचा पितळी तांब्या. मूळच्या नगरच्या. आजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेले. वेशीबाहेर मिशनची एक जुनी दगडी खोली होती, तिथे राहायच्या. एकदा मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, "आजोबांनी देव बदलला, नाव बदललं. विहीर बदलून मिळाली नाही."

तो तांब्या मला सुरुवातीला चक्रमपणा वाटायचा. शाळेच्या व्हरांड्यात पाण्याचा माठ होता, तरी बाई घरून पाणी आणायच्या आणि तेच प्यायच्या. तांब्या संपला तर तहानलेल्या राहायच्या, पण माठाकडे बघायच्या नाहीत. कारण मला हेडमास्तरांनी सांगितलं, तेही हसत हसत. बाई रुजू झाल्या त्या दिवशी शिपायानं वेशीबाहेरच्या वस्तीच्या पोरांना द्यायचा तसं त्यांनाही पाणी उंचावरून ओंजळीत ओतलं. बाईंनी ओंजळ सोडून दिली, हात पदराला पुसले आणि वर्गावर गेल्या. "वरून ओतलेलं पाणी मी पीत नाही," एवढंच म्हणाल्या. हेडमास्तरांना ह्यात बाईंचा तोरा दिसला. शिपायाला कुणी एका शब्दानं बोललं नाही.

बाई इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायच्या. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पेपराला लावलेली शेपटी. आम्ही बाकीचे मास्तर असतो तर ते परीक्षेच्या तोंडावर उरकून टाकलं असतं. बाई जूनमध्येच सुरू करायच्या, आणि तेही धड्यापासून नव्हे. त्यांच्याकडे नगरच्या जुन्या बाजारात घेतलेलं राज्यघटनेचं मराठी पुस्तक होतं, खाकी कव्हर घातलेलं. त्यातलं एकेक कलम मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्यायच्या. खेड्यातली पोरं ओळ संपली की थांबतात, मग वाक्य संपलेलं असो वा नसो. पोरगं थांबलं की बाई खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "पुढे वाचा." हे त्यांचं पालुपद झालं होतं. मैदानावर कुणी कबड्डीत दम घ्यायला थांबलं तरी पोरं "पुढं वाचा" ओरडायची.

चेंडूची गोष्ट सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. शाळेत एकच व्हॉलीबॉल होता आणि तो खेळाच्या मास्तरांच्या कपाटात असायचा. एके दिवशी दहावीच्या पोरांनी बंड केलं. फळ्यावर खडूनं लिहून काढलं की आजपासून चेंडू सगळ्या शाळेचा, त्यावर कुणा एकाची सत्ता नाही. खाली सह्या. हेडमास्तर छडी शोधायला लागले, पण बाई फळा बघून खूश झाल्या.

"जाहीरनामा उत्तम आहे," त्या पोरांना म्हणाल्या. "आता घटना लिहा."

"म्हंजी काय बाई?"

"चेंडू रात्री कुणाकडे राहणार? आधी कोण खेळणार? मुलींना मिळणार का? वस्तीची पोरं रिंगणात येणार, का नुसती बाहेर गेलेला चेंडू आणून देणार? आणि कुणी दिलाच नाही तर काय करायचं? हे सगळं लिहा."

पोरांना त्यात रस नव्हता. जाहीर केलं, चेंडू मिळाला, झालं की. आठवडा नाही गेला तोवर मारामाऱ्या सुरू झाल्या, आणि शेवटी दांडगाईत पुढे असलेला सरपंचांचा बाळू चेंडू घेऊन घरी गेला तो गेलाच. बाईंनी वर्गात तेवढ्यावर अख्खा तास घेतला. "स्वातंत्र्य मिळालं आणि घटना नसली की काय होतं? चेंडू सरपंचाच्या घरी जातो." बाळूनं हे घरी जाऊन सांगितलं असणार. सरपंच आबा शाळेच्या समितीवर होते, त्यांच्या मनात बाईंची नोंद तेव्हाच झाली.

एकाहत्तरच्याच हिवाळ्यात युद्ध झालं आणि शेजारी नवा देश उभा राहिला. शाळेत पेढे वाटले. बाईंनी पेढा घेतला आणि स्टाफरूमच्या रेडिओकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यांनी आधी जाहीर केलंय. आता लिहितात कधी ते बघायचं." आम्ही हसलो. पुढच्या वर्षी दुष्काळानं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं असताना एका सकाळी बाई तावातावानं आत आल्या. "लिहिली सर, त्यांनी वर्षाच्या आत घटना लिहिली! आणि आपल्याकडे लिहिलेली आहे ती अजून ह्या गावच्या चावडीवर कुणी उघडून वाचलेली नाही." त्यांचा हा राग मला तेव्हा पुस्तकी वाटला होता. पुस्तकी नव्हता तो.

आता तात्या. तात्या म्हणजे गावाचे देशभक्त. तरुणपणी तुरुंगात जाऊन आलेले, खादीतले, नाकासमोर चालणारे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांना ताम्रपट मिळाला आणि तो त्यांनी ओसरीच्या भिंतीवर लावला. खोटं बोलणाऱ्यांतले ते नव्हते, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच वाईट लिहिणार आहे.

सन तीसच्या सव्वीस जानेवारीला देशभर संपूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा वाचली गेली, तशी ती ह्या गावातही वाचली गेली. चावडीपुढे वाचणारे होते तेव्हाचे तरणेबांड तात्या. आणि आख्ख्या गावानं हात वर करून ती घेतली. ह्याचा गावाला फार अभिमान. तिथवर ठीक आहे. गंमत पुढे आहे. तात्यांनी दर सव्वीस जानेवारीला ती वाचायचा नेम धरला तो सोडलाच नाही. इंग्रज गेले, तरी वाचन चालू. पन्नास साली त्याच तारखेला, त्याच प्रतिज्ञेची आठवण म्हणून, घटना लागू झाली, तरी वाचन चालू. दरवर्षी शाळेचं झेंडावंदन झालं की गाव चावडीपुढे जमायचं आणि तात्या थरथरत्या आवाजात इंग्रज सरकारनं आपल्याला कसं नागवलं ते वाचायचे. शेवटी म्हणायचे, "ज्यांना मान्य आसंल त्यांनी हात वर करा." गाव हात वर करायचं आणि गूळ-शेंगदाणे खाऊन घरी जायचं. जे केव्हाच मिळालंय ते हे गाव दरवर्षी नव्यानं मागत होतं, आणि मिळाल्यावर काय करायचं ठरलं होतं ते एकदाही वाचत नव्हतं. ह्यात काही चुकतंय असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

बाईंच्या डोक्यात आलं, कारण त्या ते रस्त्यापलीकडून ऐकत होत्या. प्रतिज्ञेच्या वेळी वस्तीची माणसं, म्हणजे महारवाडा आणि मांगवाडा, रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली उभी राहायची. हात वर करायची तीही. पण तिथून.

बहात्तरचा दुष्काळ आला. गावातल्या विहिरींना कोरड पडली आणि ओढ्याच्या काठाला सरकारी पैशानं नवी विहीर खोदायला घेतली. दुष्काळी कामावर दगड फोडायला, माती उपसायला निम्म्याहून जास्त माणसं वस्तीची. पाणी लागलं त्या दिवशी पहिली पाटी चिखल काढणारी हौसाबाई वस्तीचीच. नारळ फुटला, सरपंचांनी पाणी पुजलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हौसाबाईला सांगण्यात आलं की तू काठावर चढायचं नाही. तुमच्या बायांनी खाली घागरी मांडून बसायचं, वरच्या बाया मनात येईल तेव्हा ओततील. तळपायाची आग मस्तकात जाते अजून हे लिहिताना. जिनं खणली तिला मनाई, आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. बाई एकदा म्हणाल्या, "शिंगणापूरला घरांना दारं नाहीत म्हणून लोक लांबून बघायला जातात. इथे विहिरीला दार नाही तरी कुलूप आहे, ते बघायला कुणी येत नाही."

जानेवारी लागला तसं बाईंनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही तात्यांच्या ओसरीवर गेलो. बाई ओसरीवर चढल्या नाहीत, पायरीपाशी उभ्या राहिल्या. खाकी कव्हरचं पुस्तक हातात होतं.

"तात्या, ह्या वर्षी प्रतिज्ञा वाचून झाली की आपण हेही थोडं वाचावं, अशी माझी विनंती आहे." बाई 'आपण' म्हणाल्या तेव्हाच मी दोन पावलं मागे सरकलो.

"घटना व्हय? ती वकिलांनी वाचायची आसती बाई. परतिज्ञा येगळी. ती काळजातून आलेली हाय."

"काळजातून आली म्हणूनच पुढे लिहून ठेवावी लागली. बोलायला काळीज पुरतं. त्या दिवशी आपण सगळ्यांनी मिळून शब्द दिला होता, वीस वर्षांनी त्याच तारखेला तो कागदावर उतरून लागू झाला. तारीख मुद्दाम तीच धरली, ह्याची त्याला आठवण राहावी म्हणून. आपण शब्द तेवढा वाचता आणि कागद मिटून ठेवता."

"त्या कागदात आमच्या गावाचं काय आसनार?"

"विहीर आहे."

तात्या हसले. "घटनेत हीर? दिल्लीत बसून त्यांनी आमच्या हिरीवर लिवलंय?"

"पंधरावं कलम. सरकारी पैशातल्या विहिरी, तळी, रस्ते. जातीधर्मावरून कुणालाही तिथे आडकाठी करता येणार नाही."

तात्यांचं हसू गेलं. त्यांनी ताम्रपटाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "ह्ये बगा बाई, मी काय शिवताशिवत पाळत न्हाई. तुरुंगात सगळ्यांसंगं जेवलोय. पर गावाचं गावापाशी. मी एकला काय करनार?"

"तीस साली आपण एकटेच वाचायला उभे राहिला होता ना?"

बाईंनी तेव्हाही आवाज चढवला नाही. "एक विचारते, राग मानू नका. त्या दिवशी किती हात वर झाले, ते मोजून आपण वर कळवलं होतं म्हणे?"

"कळवलं हुतं. आख्खं गाव! आमच्या तालुक्यात येवढे हात कुठंच न्हवते."

"वस्तीचे हात त्यात धरले होते की नाही?"

"धरले तर! त्यांच्याबिगर आख्खं गाव कसं हुईल?"

"मग मोजताना धरले ते पाणी भरताना का सोडता?"

तात्या उठून आत गेले. परत येताना बाई छत्री आपटत चालत होत्या आणि मला रस्ताभर सांगत होत्या, "हातसुद्धा वापरून घेतले, सर. स्वराज्य मागायला माणसं कमी पडत होती, तेव्हा आम्ही गावात होतो."

ह्या बोलण्याची बातमी सरपंचांना लागली. हेडमास्तरांना बोलावणं आलं, आणि हेडमास्तरांनी बाईंना समजावलं की शाळेच्या बाईनं गावच्या पाण्यात पडू नये. बाई म्हणाल्या, "आपलं म्हणणं मी ऐकलं." हेडमास्तर समाधानानं हात चोळत माझ्याकडे आले.

त्र्याहत्तरचा सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं, गाव चावडीपुढे आलं. बाई लिंबाखाली, नेहमीच्या जागी. वस्तीच्या बाया आल्या त्या कमरेवर घागरी घेऊन. रिकाम्या घागरी. बाईंनी शिकवलं असणार, असं गाव पुढे महिनोन्‌महिने म्हणत राहिलं. ते गावाला फार सोयीचं होतं. वस्तीची तहान वस्तीला आपली आपण कळते, हे मग कबूल करावं लागत नाही.

तात्यांनी प्रतिज्ञा वाचली. इंग्रज, जुलूम, लूट, सगळं नेहमीसारखं. शेवटी चष्म्यावरून बघत म्हणाले, "ज्यांना मान्य आसंल त्यांनी हात वर करा."

रस्त्याच्या अलीकडचे हात वर झाले. पलीकडे एकही झाला नाही.

तात्यांना आधी नीट दिसलं नसावं. त्यांनी कपाळावर हात धरून पलीकडे बघितलं. "का गं हौसा? मान्य न्हाई व्हय?"

"मान्य हाय की तात्या," हौसाबाई म्हणाली. "पर हात कसा वर करू? हातात घागर हाय. भरली की करते."

सरपंच आबा खेकसले, "ए, चल हट! सनासुदीच्या दिवशी नाटकं नकोत." दोघे-तिघे रस्ता ओलांडायला निघाले. आणि तात्यांनी, त्याबद्दल त्यांना द्यायचं ते श्रेय देतो, हात आडवा केला. म्हातारा घामाघूम झाला होता. चाळीसेक वर्षांत त्यांनी इतके हात मागितले, नकार त्यांना पहिल्यांदाच मिळत होता. ते बाईंना म्हणाले, "आना ते बूक."

बाई रस्ता ओलांडून आल्या, पान काढून पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. तात्या वाचू लागले. त्यांना वाचायचा एकच सूर ठाऊक होता, प्रतिज्ञेचा, त्यामुळे कलमसुद्धा त्यांनी त्याच थरथरत्या आवाजात वाचलं. आम्ही, भारताचे लोक इथपासून सुरुवात केली, मग पंधराव्या कलमाचं पान उलटलं. धर्म, वंश, जात, दुकानं, खानावळी असं करत ओळ संपली आणि तात्या थांबले. पुढचा शब्द त्यांना दिसला होता. चष्मा काढला, पुसला, परत घातला. सगळं गाव बघत होतं.

"पुढे वाचा, तात्या," बाई म्हणाल्या.

शाळेची पोरं नेहमीच्या सवयीनं हसली.

"विहिरी," तात्यांनी वाचलं. मग राहिलेलंही वाचलं. कुणीतरी मागून म्हणालं की ते शहरातल्या हिरींसाठी आसंल. पण तोवर हौसाबाई आणि तिच्या मागून बाकीच्या बाया ओढ्याकडे चालू लागल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं पोहरा सोडला आणि घागरी भरल्या. फौजदारांची जीप झेंड्यासाठी गावात आलेली होती, त्यामुळे कुणी काही केलं नाही.

ही गोष्ट इथे संपवली असती तर माझ्या मुलांना ती आवडली असती. पण गाव इतकं भोळं नसतं. चार दिवसांत पंचायतीनं ठराव केला की विहीर सर्वांना खुली आहे, मात्र गर्दी होते म्हणून वेळा ठरवून देण्यात येत आहेत. सकाळी गाव, दुपारी वस्ती. आता ऐका. दुष्काळातली विहीर, तिच्यात रात्रभर झिरपून जे काही साठतं ते सूर्य वर यायच्या आत संपतं. दुपारी तळाशी नुसता गाळ. म्हणजे कुणाला मनाई नाही. घटनेचा मान राखला, फक्त पाणी काढून घेतलं. वर तक्रार गेली तर दाखवायला ठराव तयार: बघा साहेब, आमच्याकडे सगळ्यांना मोकळीक आहे. वस्तीच्या तोंडाला अशी पानं पुसायला डोकं लागतं, आणि ते ह्या गावाकडे भरपूर होतं.

बाई रोज पहाटे रिकामी घागर घेऊन विहिरीवर सकाळच्या रांगेत पहिल्या जाऊन उभ्या राहायच्या. "बाई, तुमची येळ दुपारी," कुणीतरी म्हणायचं. "मला शाळा असते," बाई म्हणायच्या. पोहऱ्याचा दोर त्यांना कुणी देत नसे. मग तशाच रिकाम्या घागरीनं परत येऊन वर्गावर. असे त्यांचे फेब्रुवारी आणि मार्च गेले. त्यांच्यासोबत आम्हा मास्तरांपैकी एकदोघं उभे राहिलो तर आमच्यासाठी लगेच वाट मोकळी करून देत, त्याची चीड तर वेगळीच.

एप्रिलमध्ये बाईंची बदली झाली, थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरात. शाळा चालवणाऱ्या संस्थेनं कारण दिलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. जायच्या दिवशी सकाळी सामान एसटीच्या थांब्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "जरा तात्यांकडे जाऊन येऊ."

तात्या ओसरीवरच होते. जानेवारीपासून खंगले होते. बाईंना बघून उठले, बसा म्हणाले. बाई उभ्याच.

"आपला निरोप घ्यायला आले. आपण त्या दिवशी वाचलंत, मी विसरणार नाही. पण त्यानंतर आपण गप्प बसलात, तेही विसरणार नाही. आपल्या गावानं फार सुंदर वाटणी केली आहे, तात्या. प्रतिज्ञा सकाळची आणि घटना दुपारची."

तात्यांनी एकदम आत वळून सुनेला हाक मारली, "पानी आन बाईंना." सून तांब्या-भांडं घेऊन दारात आली आणि घुटमळली. तात्यांनी तिच्या हातातून तांब्या घेतला, स्वतः पायऱ्या उतरले आणि तो बाईंच्या हातात द्यायला पुढे केला. हातात. वरून ओतायला नव्हे. मला वाटतं त्या घराण्यात हे पहिल्यांदाच होत होतं, आणि म्हाताऱ्याचे डोळे भरले होते.

बाईंनी हात पुढे केला नाही. "आत्ता सकाळ आहे, तात्या," त्या म्हणाल्या. "आमची पाळी दुपारची."

आणि वळून थांब्याकडे चालू लागल्या. तात्या तांब्या घेऊन तसेच उभे होते, मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवसापासून तात्यांच्या घरचं पाणी दुपारी भरलं जाऊ लागलं. सून कुरकुरत वस्तीच्या बायांमागे उभी राहायची आणि गाळ गाळून घरी आणायची. देशभक्ताच्या घरी गढूळ पाणी, ही गोष्ट मिरजगावच्या बाजारात पोचली, लोक हसू लागले, आणि पंचायतीनं वेळांचा ठराव गुपचूप मागे घेतला. पुढे हौसाबाई सकाळी पाणी भरायला लागली.

बाईंची माझी शेवटची भेट चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात झाली, नगरच्या स्टँडवर. मी परीक्षेचे पेपर तपासायला आलो होतो, त्या सुट्टीला भावाकडे येऊन परत अकोल्याला निघाल्या होत्या. तेच घड्याळ, तीच छत्री, खांद्यावरच्या पिशवीतून खाकी कव्हर डोकावत होतं. स्टँडच्या नळावर त्या ओंजळीनं घटाघटा पाणी प्यायल्या. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं खूश होतील.

"म्हणजे तात्यांच्या सुनेच्या घागरीत चिखल आला तेव्हा नियम गेला," त्या म्हणाल्या. "हौसाच्या घागरीत येत होता तोवर चालत होता." मग थोड्या निवळल्या. "आणि ह्या सव्वीस जानेवारीला काय काय वाचलं?"

"काहीच नाही. तात्यांनी वाचायचं सोडून दिलं. म्हणतात, आता कुठल्या तोंडानं हात वर करायला सांगू."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू सोडून देणारा मीच.

"सोडून दिलं? मी सोडायला कुठे सांगितलं होतं? वाचा, आणि पुढचं वाचा, एवढंच तर म्हणत होते. ती प्रतिज्ञा काय त्यांच्या एकट्याची आहे? आम्हीही हात वर केले होते तिला! ती विसरली तर उद्या ही घटना कुणाच्या शब्दावर उभी राहणार? पोरांना वाटेल, सरकारनं दिली, सरकार घेईल." शेजारचे लोक बघायला लागले. बाईंचा आवाज खाली आला. "आपण असं करणार असाल तर मला यावं लागेल," असं त्या समोर नसलेल्या तात्यांना म्हणाल्या.

अकोल्याची गाडी लागलेली होती, कंडक्टर घंटी मारत होता. बाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला मिरजगावची गाडी सुटायच्या बेतात होती. छत्री काखेत मारून त्या तिच्यात चढल्या, खिडकीपाशी बसल्या आणि डोकं बाहेर काढलं.

"सर, तात्या दुपारी झोपतात का हो?"

"झोपतात."

"उठवीन," बाई म्हणाल्या, आणि गाडी निघाली.